सकाळी ऑपरेशन अन् संध्याकाळी घरी, रात्री काही झालं तर?

हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक डे-केअर पेशंट विचारतो. नागपूरच्या महाल भागातल्या एका काकूंनी मात्र विचारलाच नाही, पित्ताशयात खडे, दुर्बिणीनं ऑपरेशन, मी सांगत होते अन् त्या नुसत्या हो जी हो जी करत होत्या. असं झालं की मला काळजी वाटते. म्हणून म्हटलं, काकू, उद्या उठल्यापासून काय काय करणार ते तुम्हीच सांगा बरं.

“पाचला उठीन, आंघोळ, पूजा, अर्धा कप चहा घेईन अन् निघू.”

चहा?

“चहा म्हणजे काय खाणं थोडीच झालं जी!”

दुधाचा चहा खाण्यातच धरतात, निदान सहा तास आधी बंद, तळलेलं खाल्लं असेल तर आठ तास. कारण भूल दिली की पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत जाऊ शकतं अन् ते जिवावर बेतू शकतं, हे कारण सांगितलं की लोक पाळतात, नुसतं “उपाशी या” म्हटलं की चहा होतोच. साधं पाणी बहुतेकांना दोन तास आधीपर्यंत चालतं, तरी आपल्या भूलतज्ज्ञांना विचारा, मे महिन्यात नागपुरात रात्रभर कोरडं कशाला राहायचं. खर्राही नाही, म्हणजे तंबाखू-सुपारीचं ते मिश्रण, हे मी बायकांनाही सांगते. बीपीची, शुगरची, रक्त पातळ करायची गोळी मात्र विचारल्याशिवाय घेऊ नका अन् बंदही करू नका.

मग काकू हळूच बोलल्या, “रात्री मी अन् सूनच असतो जी, पोरगा पुण्याला.” खरी भीती ही होती.

सूनबाईंना जवळ बसवलं. ऑपरेशनच्या वेळी पोटात भरलेल्या गॅसमुळे खांदा दुखतो, दोन-तीन दिवसांत जातो, थोडं चाललं की बरं वाटतं. पण ताप, न थांबणारी उलटी, वाढत जाणारी पोटदुखी, लघवी न होणं, डोळे पिवळे दिसणं, यातलं काही झालं तर लगेच फोन, अन् छातीत दुखलं किंवा दम लागला तर फोनचीही वाट न पाहता सरळ इमर्जन्सीत. सगळं त्यांच्याकडून परत म्हणवून घेतलं.

ऑपरेशनच्या रात्री सूनबाईंचा फोन आलाच, “ताई, खांदा दुखतोय, ताप नाही, लघवी झाली, हे गॅसचंच ना?” आवाजात घाबरणं नव्हतं.

अन् घरी एकटेच राहत असाल तर तारीख घेतानाच सांगा, लाजू नका, पहिले चोवीस तास कोणीतरी सोबत लागतंच, नसेल तर एक रात्र ठेवून घ्या म्हणून डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा.