सौदा वाचायला शीक : अकरावीतल्या मुलीला पत्र

प्रिय बाय,

अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. इन्व्हेस्टमेंट बँकर व्हायचं ठरवलंस, आणि एका क्लासवाल्याने सुचवलेला महागडा 'इन्व्हेस्टमेंट बँकिंग' कोर्स घेऊ का, असं विचारलंस. घेऊ नकोस. अकरावीतल्या मुलीकडे असं सर्टिफिकेट आहे की नाही, हे पुढे कुठलीही बँक विचारणार नाही. शिवाय या नावाने विकले जाणारे पुष्कळ कोर्स ऑपरेशन्सच्या कामासाठी असतात : झालेल्या व्यवहारांची नोंद जुळवणं, सेटलमेंट म्हणजे पैसे आणि शेअर्स ज्याचे त्याला पोचले का ते पाहणं. ते काम चांगलं आहे, त्यावर कितीतरी घरं चालतात. पण तुझ्या पत्रावरून तुला जे करायचं आहे ते वेगळं आहे, आणि हा फरक पैसे भरण्याआधी कळलेला बरा.

तुला करायचं आहे ते असं. एखाद्या कंपनीला भांडवल उभारायचं असतं, दुसरी कंपनी विकत घ्यायची असते किंवा स्वतःचा एखादा कारखाना विकायचा असतो. त्याची किंमत किती, पैसा कुठून येईल, कागदपत्रं काय लागतील, समोरच्याशी कसं बोलायचं, हे सगळं बँकर पाहतो. पब्लिक इश्यू काढायचा, म्हणजे लोकांना शेअर्स विकून पैसा उभारायचा, तर तो सांभाळणारा लीड मॅनेजर म्हणून सेबीकडे (शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेकडे) नोंदणी असलेला मर्चंट बँकर लागतोच. नव्याने लागलेल्या मुलामुलींच्या वाट्याला मात्र सुरुवातीची वर्षं ताळेबंद वाचणं, एक्सेलमध्ये मॉडेल (कंपनीच्या पुढच्या आकड्यांचा अंदाज) बांधणं, सादरीकरणातला प्रत्येक आकडा मूळ कागदाशी ताडून पाहणं एवढंच येतं, आणि तेही रात्री उशिरापर्यंत. म्हणून आत्तापासून कमवायची गोष्ट माझ्या मते एकच आहे. एखादा सौदा झाला की त्याचे कागद मिळवून वाचायचे आणि त्यात नक्की काय विकलं गेलं हे स्वतः शोधायचं. एक्सेल तू कॉलेजात एका सुट्टीत शिकशील. ही सवय लागायला वर्षं जातात.

तू गोव्यातल्या डिचोलीची आहेस. तुझ्या पप्पांचा ट्रक खनिज वाहायचा, असं तू लिहिलं आहेस. मग सुरुवात तिथूनच कर. 2007 साली वेदांता समूहाने जपानच्या मित्सुईकडून सेसा गोवा या खाण कंपनीचे 51 टक्के शेअर्स घेतले. 2009 च्या जूनमध्ये सेसाने गोव्यातल्या धेंपो समूहाचा खाण व्यवसाय 1,750 कोटी रुपयांना विकत घेतला. तुमच्या भागातल्या खाणी त्यात होत्या. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या. पुढे सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या एप्रिलमध्ये निकाल दिला की गोव्यातल्या या खाणपट्ट्यांची, म्हणजे खनिज काढायच्या परवान्यांची, मुदत 22 नोव्हेंबर 2007 रोजीच संपली होती. तारखा पुन्हा बघ. सौदा 2009 चा आणि मुदत संपली 2007 ला. त्या काळी नूतनीकरणाचा अर्ज पडून असला तरी खाण चालू ठेवायची रीत होती आणि सगळे तसेच चालत होते. पण ही रीत कोर्टात टिकेल का, याचीही एक किंमत होती आणि ती 1,750 कोटींत कुठेतरी धरलेली असणार किंवा सुटलेली असणार. खाली खनिज किती टन आहे हे भूगर्भवाले सांगतात. ते काढायचा हक्क किती वर्षं आणि कशाच्या जोरावर, हे बँकरने विचारायचं असतं.

गोष्ट तिथेही थांबत नाही. परवाने पुन्हा दिले गेले, 2018 च्या फेब्रुवारीत न्यायालयाने 88 पट्ट्यांचं ते नूतनीकरण रद्द केलं, आणि 2022 च्या अखेरीस लिलाव झाला तेव्हा डिचोलीचा खाण ब्लॉक वेदांतालाच मिळाला. म्हणजे ज्या समूहाने एकदा खाण व्यवसाय विकत घेतला होता, त्यालाच लिलावात पुन्हा बोली लावावी लागली. हे मी कुणाला दोष द्यायला सांगत नाही. तुझ्या घरासमोरून जाणारे ट्रक बंद का झाले याचं उत्तर सौद्याच्या कागदात शोधता येतं, एवढंच दाखवायचं आहे. मुंबईतल्या मोठ्या शाळांतली मुलं हे पुस्तकातल्या उदाहरणावरून शिकतात. तुझ्या घरात ते घडलं आहे, आणि मुलाखतीत या विषयावर तू बोलायला लागलीस तर समोरचा हातातलं पेन ठेवून ऐकेल.

दुसरं उदाहरण झुआरीनगरच्या खत कारखान्याचं घे. विमानतळाच्या बाजूला जाताना तो तू पाहिला असशील. झुआरी अ‍ॅग्रो केमिकल्सने तो पारादीप फॉस्फेट्सला विकला. किंमत 28 कोटी डॉलर, म्हणजे साधारण 2,052 कोटी रुपये. पैशाचा काही भाग उभा करण्यासाठी पारादीपने 2022 च्या मे महिन्यात पब्लिक इश्यू आणला, शेअरचा भाव 39 ते 42 रुपयांच्या दरम्यान ठेवून, आणि जूनच्या पहिल्या तारखेला कारखान्याचा ताबा बदलला. त्या इश्यूचं रेड हेरिंग प्रॉस्पेक्टस, म्हणजे शेअर्स विकण्याआधी कंपनीने काढलेलं माहितीपत्रक, सेबीच्या वेबसाइटवर फुकट मिळतं. शेकडो पानं आहेत, घाबरू नकोस. आधी 'ऑब्जेक्ट्स ऑफ द इश्यू' वाच, म्हणजे पैसा कुठे जाणार ते कळेल. मग 'रिस्क फॅक्टर्स' वाच, कारण तिथे कंपनीला स्वतःच्या तोंडाने स्वतःचे धोके सांगावे लागतात. मग प्रवर्तकांचं, म्हणजे कंपनी ज्यांच्या ताब्यात असते त्यांचं, प्रकरण काढ. तिथे तुला दिसेल की पारादीपचा प्रवर्तक झुआरी मारोक फॉस्फेट्स आहे, आणि त्यात मोरोक्कोच्या ओसीपी या खत कंपनीबरोबर झुआरी अ‍ॅग्रोची निम्मी मालकी आहे. म्हणजे कारखाना विकणाऱ्याचाच विकत घेणाऱ्या कंपनीत हिस्सा! मग किंमत रास्त आहे हे ठरवायचं कुणी? दोन्हीकडच्या छोट्या भागधारकांचं हित कोण पाहणार? या प्रश्नांची उत्तरं कागदात कुठे कुठे आहेत ते शोध. आठ दिवस लागले तरी चालतील. यातून तू जेवढं शिकशील तेवढं त्या कोर्समध्ये शिकणार नाहीस.

हिशोब मात्र पक्का हवा. अकाउंटन्सीचा पेपर मार्कांपुरता करू नकोस. नफा झाला तरी हातात रोकड का नसते, हे काजूच्या कारखान्यात जाऊन विचार. तुमच्याकडे कुणी ओळखीचं असेलच. मार्च ते मे मध्ये कच्च्या बिया रोखीने घ्याव्या लागतात, माल विकला जातो वर्षभर, चवथीला (गणेश चतुर्थीला) आणि दिवाळीला जास्त. मधले महिने बँकेच्या कर्जावर निघतात आणि व्याज चढत राहतं. वर्किंग कॅपिटल, म्हणजे रोजचा धंदा चालवायला लागणारा पैसा, या धड्यातलं सगळं तुला तिथे एका दुपारी कळेल. घरात कुणी एखाद्या सहकारी सोसायटीचं सभासद असेल तर वार्षिक अहवाल येत असेल, तो रद्दीत टाकू देऊ नकोस. ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, थकबाकी, मागच्या वर्षाचे आकडे शेजारी मांडलेले. एवढ्या छोट्या संस्थेचा अहवाल पूर्ण समजला की मोठ्या कंपनीचा वाचताना पान उलटायची भीती राहत नाही.

गणित सोडू नकोस. कॉमर्सला आल्यावर बऱ्याच मुली ते सोडतात आणि पुढे दारं बंद होतात. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्सला जायचं तर सीयूईटी या सामायिक प्रवेश परीक्षेत गणित द्यावं लागतं. आयआयएम इंदूरचा पाच वर्षांचा इंटिग्रेटेड कोर्स आहे, त्याच्या प्रवेश परीक्षेत गणिताचा भार मोठा असतो. सीए करायचं ठरवलंस तर बारावीनंतर फाउंडेशन, मग इंटरमीजिएट आणि दोन वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखाली उमेदवारी. कर्ज न काढता या क्षेत्रात यायला सीए हा खरोखर चांगला रस्ता आहे, आणि घरची परिस्थिती तू लिहिली आहेस ती पाहता मी तुला तोच आधी सुचवीन. आर्टिकलशिप करताना डोळ्यांखालून इतकी हिशोबाची पुस्तकं जातात की नंतर खोटा आकडा लगेच खटकतो. सीएफए ही गुंतवणूक विश्लेषणाची परीक्षा आत्ता डोक्यात आणू नकोस. ती परीक्षा पदवीच्या शेवटाकडे देता येते.

आणि एक कळकळीने सांगते. तुझ्या वर्गातली मुलं भावाच्या खात्यावर ऑप्शन्स (शेअर्सच्या पुढच्या भावावरचे करार) खेळतात आणि त्याला 'मार्केटचा अनुभव' म्हणतात, असं तू लिहिलंस. त्या वाटेला जाऊ नकोस. सेबीने 2024 च्या सप्टेंबरमध्ये अभ्यास प्रसिद्ध केला : 2022 ते 2024 या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या सामान्य लोकांपैकी 93 टक्के लोकांनी पैसे घालवले. शिवाय बँकरच्या कामाशी त्याचा काडीचा संबंध नाही. उलट या क्षेत्रात कंपनीची आतली माहिती हाताशी असते, म्हणून नोकरी लागल्यावर स्वतःच्या शेअर व्यवहारांवर कडक बंधनं येतात.

इंग्रजीची काळजी तू दोन वेळा लिहिली आहेस. मराठी प्राथमिक शाळेतून आलीस म्हणून मागे आहेस असं मला वाटत नाही. पाचवीपासून गणित-विज्ञान इंग्रजीतून करते आहेस. कमी आहे ती सरावाची. रोज एक व्यापारी बातमी वाच आणि पाच वाक्यांत लिही : कोणी, काय, कितीला, का, आणि मला काय पटलं नाही. शेवटचं वाक्य कधीही गाळू नकोस. मराठीही सोडू नकोस. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीकडे पिढीजात कारखाने चालवणारी कितीतरी घरं आहेत. धंदा विकण्यासारखा विषय म्हातारा मालक आपल्या भाषेतच मोकळेपणाने बोलतो, हे मी नोकरीत पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

आईला या कामाचे तास खरे सांग. सौदा अंगावर आला की शनिवार-रविवार उरत नाहीत, आणि चवथीला घरी येता येईलच असं नाही. मुंबईत राहावं लागेल. पगार चांगला असतो, पण फक्त पगारासाठी आलेली मुलं फार टिकत नाहीत. कागद वाचताना ज्यांना रात्र झालेली कळत नाही ती टिकतात. तू कुठल्यांपैकी आहेस हे ते प्रॉस्पेक्टस वाचताना तुझं तुलाच कळेल.

चवथीच्या सुट्टीत खत कारखान्याच्या सौद्यावर एक पान लिहून पाठव. इंग्रजीत, स्वतःच्या शब्दांत, आणि प्रत्येक आकड्यापुढे तो प्रॉस्पेक्टसच्या कुठल्या पानावरून घेतला ते लिही. मी लाल पेनने तपासून परत पाठवीन, मग पुढचा कागद कुठला घ्यायचा ते ठरवू.

तुझी,
ताई