७५ लिटरच्या रीफ टाकीत कोणते मासे सोडावेत?

रीफ टाकी म्हणजे प्रवाळ ठेवलेली खाऱ्या पाण्याची टाकी. एवढ्या टाकीत दोन-तीन छोटे मासे पुरे. निळा टँग दुकानात बोटाएवढा दिसतो, पण तो ३० सेंमीपर्यंत वाढतो आणि त्याला पोहायला भरपूर लांबी लागते. घेऊच नका.

सुरुवात ऑसेलॅरिस क्लाऊनफिशने करा. टाकीतच पैदास झालेली दोन पिल्लं मागा, एक थोडं मोठं, एक लहान. हे मासे आधी सगळे नरच असतात. मोठा पुढे मादी होतो आणि जोडी जमते. ॲनिमोनी (ज्या फुलासारख्या समुद्री प्राण्यात ते समुद्रात राहतात) नसली तरी त्यांचं काही अडत नाही.

मग पिवळा वॉचमन गोबी, जमल्यास पिस्टल कोळंबीसोबत. कोळंबीला नीट दिसत नाही. ती बीळ खणत राहते, गोबी दाराशी पहारा देतो. तासन्‌तास बघत बसावं असं! झाकण मात्र हवंच, गोबी उडी मारतो.

मँडरिन मासा कितीही सुंदर वाटला तरी आत्ता नको. तो दिवसभर दगडांवरचे कोपेपॉड, म्हणजे अगदी बारीक कवचधारी जीव, टिपतो. नव्या छोट्या टाकीत ते संपतात आणि मासा उपाशी मरतो. माझा असाच गेला, अजून वाईट वाटतं.

आणि पाण्याच्या चाचणीत अमोनिया, नायट्राइट ही माशांना विषारी द्रव्यं शून्य आल्याशिवाय एकही मासा घरी आणू नका.