काळा दगड उजळायचा कुठून?

प्रश्न : आमच्या सार्वजनिक वाचनालयाची इमारत १९०३ सालची. भिंती घडीव काळ्या दगडाच्या, कमानी पिवळसर मऊ दगडाच्या. वीसेक वर्षांपूर्वी दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, सिमेंटने भरून घेतल्या. आता पश्चिमेच्या भिंतीला आतून लोणा (खाराची पांढरी बुरशीसारखी पूड) धरतो, गिलावा सुटतो, कपाटातली पुस्तकं सर्दावतात. ठेकेदार म्हणतो, सँडब्लास्टिंग (वाळूचा जोरदार मारा) करू, दर्जा पुन्हा सिमेंटने भरू आणि वरून पारदर्शक कोटिंग मारू, दगड चमकेल. निधी मार्चअखेर खर्ची टाकायचा आहे. ताई, काय करावं?
– कार्यवाह, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : कार्यवाह महोदय, तिन्ही गोष्टींना नाही म्हणा.

हल्ली ठेकेदार मोबाइलवर मुंबईच्या राजाबाई टॉवरचा फोटो दाखवतात आणि ‘तस्सं करून देतो’ म्हणतात. १८७८ साली पुरा झालेला तो २८० फुटी मनोरा कुर्ल्याच्या पिवळसर दगडाचा. तुमचा दगड मुळातच काळा, तो उजळायचा कुठून? सँडब्लास्टिंगने त्याची छिन्नीची घडाई बोथट होईल आणि कमानींवरची नक्षी तर झडूनच जाईल. शेवाळ आणि धूळ काढायला साधं पाणी, बेताचा दाब आणि नायलॉनचा ब्रश पुरतो. तारेचा ब्रश नको, ॲसिड तर मुळीच नको.

खरं दुखणं दर्जांत आहे. तुमच्या भिंतीला बाहेरून घडीव दगड दिसतो, पण त्या काळच्या अशा भिंतींच्या पोटात बहुधा चुना आणि दगडगोट्यांची भर असते. पावसात ती थोडी ओलावते आणि उघाडीत चुन्याच्या दर्जांतून वाळते. काळा दगड घट्ट, त्यातून ओल फारशी जात नाही. सिमेंटने दर्जाही बंद झाल्या. सिमेंट आणि दगडाच्या मधल्या केसाएवढ्या फटीतून पाणी आत शिरतं, पण बाहेर पडायला वाट उरत नाही. मग ते तुमच्या पुस्तकांकडे निघतं. पारदर्शक कोटिंग म्हणजे ओल्या अंगावर रेनकोट.

आधी परनाळी आणि कौलं बघा. पश्चिमेला पाऊस झोडपतोच, त्यात फुटकी परनाळ असली तर खाली काहीही करा, व्यर्थ. कंगणीवर (भिंतीच्या माथ्याच्या पुढे आलेल्या पट्टीवर) पिंपळ असेल तर उपटू नका, दगड हलतो. बुंधा कापून मूळ मारावं लागतं.

मग सिमेंट छिन्नी-हातोडीने काढायचं. ग्राइंडरची पाती दगडाच्या कडा खाते, आणि खाल्लेली कड परत येत नाही. दर्जेच्या रुंदीच्या दुप्पट तरी खोल जा, धूळ झाडा, पाणी मारा आणि चुना, सुरखी (विटांची पूड), धुतलेली वाळू यांचा माल दाबून भरा. चुना विरवून निदान महिनाभर पाण्याखाली मुरलेला हवा. चुन्यात गूळ-बेलफळ घालण्याचं कौतुक फार होतं. मला मुरलेला चुना मिळाला तरी पुष्कळ. भरलेल्या दर्जांवर ओलं गोणपाट टांगा, नाहीतर माल भुरभुरतो.

काम दिवाळीनंतर धरा. मार्चअखेरची घाई असेल तर यंदा परनाळी आणि छप्पर उरका. तेवढ्यावर निधी सहज खर्ची पडेल. लोणा धरलेल्या भिंतीचा गिलावा आत्ताच नवा करू नका. भिंत वाळायला एखाद-दोन वर्षं लागतात, तोवर कपाटं भिंतीपासून हातभर पुढे ओढा.

निविदेत एक अट घाला : मागच्या बाजूला एक चौरस मीटरचा नमुना आधी करून दाखवायचा आणि समितीने तो पसंत केल्याशिवाय दर्शनी भिंतीला हात लावायचा नाही. या अटीला जो कुरकुरेल, त्याला काम देऊ नका.