ओंडक्यांच्या घरात वायरिंग आतनं करता येतं का?

पन्हाळ्याजवळ ओंडके रचून घर बांधताय आणि वायरिंग भिंतीच्या आतनं घ्यावं का वरनं पट्टी मारावी, असं विचारलंय तुम्ही. आतनंच घ्या. पण भिंती उभ्या राहायच्या आधी वायरमन बोलवा, विटेसारखी मागनं झिरी मारून गिलावा करता येत नाही इथं. प्रत्येक ओंडका चढवायच्या आधी त्याला इंचभराचं उभं आरपार भोक पाडायचं, खालच्याशी जुळवून, म्हणजे बोर्डापासून फ्लोअरखालपर्यंत सरळ वाट मिळते.

हेच कॉन्ट्रॅक्टर लोकांना पटत नाही. गगनबावड्याकडं एका रिसॉर्टच्या पहिल्या दोन कॉटेजना मी सुताराशेजारी उभा राहून मार्किंग करून भोकं पाडून घेतली, केबल त्यात मोकळी सोडली. तिसऱ्याला कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, लाकूडकाम उरकू दे, वायरमनची हजेरी कशाला वाढवायची, आणि दुसऱ्याच पोराकडनं पीव्हीसी पाईप खालपासून वरपर्यंत सॅडल (पाईप भिंतीला आवळायच्या पट्ट्या) मारून घट्ट बसवून घेतला. ओंडके ओले होते. ओला ओंडका वाळताना लांबीला नाही, जाडीला आकसतो, त्यामुळं 8 फुटी भिंत 4 ते 6 इंचसुद्धा खाली बसते. भिंत बसली, पाईप कुठं जाणार? धनुष्यासारखा वाकला, सॅडलचे स्क्रू उपटले, एका जॉइंटला पाईप निसटून वायर काठावर घासलेली, तांबं उघडं आणि ते लाकडाला टेकलेलं! मग मला फोन, आणि वर म्हणतो तुमच्याच लाईनमध्ये फॉल्ट आहे. मी त्याच्यासमोर मेगर, म्हणजे वायरचं इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावून दाखवला, माझ्या दोन्ही कॉटेज ओके.

बॉक्सचं म्हणाल तर ओंडक्याचा गोलावा तेवढ्यापुरता तासून सपाट करा, पटाशीनं खोबण काढा, मेटल बॉक्स घ्या आणि त्याला अर्थिंग द्या. बॉक्सची कड लाकडाच्या बरोबरीला किंवा किंचित बाहेर पाहिजे, आत दबलेली अजिबात नको, ठिणगी उडाली तर शेजारी उघडं लाकूड असतं. दोन ओंडक्यांच्या सांध्यावर बॉक्स टाकू नका, वरचा खाली बसताना चेपतो. सुट्या वायरी भोकात कोंबू नका, वरनं आवरण असलेली केबल घ्या, 16 अँपियरच्या सॉकेटला 2.5 स्क्वेअर एमएमची, गिझरला 4 ची. डीबीत (मेन स्विचच्या बोर्डात) 30 मिलीअँपियरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लाईन तोडणारा स्विच, पाहिजेच.

हां, ओंडके भट्टीत वाळवलेले असतील तर भिंत एवढी बसत नाही. आणि भिंती आधीच उभ्या असतील तर फ्लोअरखालनं, आतल्या फळ्यांच्या पार्टिशनमधनं नाहीतर स्कर्टिंगमागनं लाईन फिरवा, ते पण चांगलं होतं. काम लायसनवाल्याकडनंच करून घ्या, महावितरणला त्याचाच टेस्ट रिपोर्ट लागतो. आणि तुमचा कॉन्ट्रॅक्टर हजेरीवरनं कुरकुरला तर त्याला सांगा, त्या तिसऱ्या कॉटेजचं सगळं वायरिंग काढून परत केलं, तेही वरनं पट्टी मारून, आणि दोन वेळचे पैसे मालकानं भरले.