अँजिओप्लास्टीनंतर वडिलांचे मासे बंद करावेत का? मासे हृदयासाठी खरोखर चांगले असतात का?

तुमच्या वडिलांची महिन्यापूर्वी अँजिओप्लास्टी झाली, घरात आठवड्यातून तीनदा मासे होतात आणि आता नातेवाईक ते बंद करायला सांगत आहेत. तेव्हा मासे हृदयाला चांगले की वाईट, कोणते द्यावेत आणि त्याऐवजी माशाच्या तेलाच्या कॅप्सूल चालतील का, असे तुम्ही विचारले आहे. मी डॉक्टर नाही. तरीही लिहायला बसलो, कारण नेमका हाच निर्णय मी २००९ साली माझ्या वडिलांच्या बाबतीत घेतला होता आणि तो चुकीचा होता. मासे बंद करू नका, एवढे आधीच सांगून टाकतो.

माझे वडील वेंगुर्ले तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. सोमवार आणि गुरुवार सोडले तर त्यांचे जेवण माशांशिवाय होत नसे. पावसाळ्यात मासेमारी बंद असली की सुका बांगडा, सोडे, जवळा यांवर दिवस काढायचे आणि नारळी पौर्णिमेची वाट पाहायची, हा आमच्या घरचा नेम होता. ‘आपण मासे खाणारी माणसे, आपल्याला हृदयाचे दुखणे होत नाही,’ असे आमच्या गावात आजही छातीठोकपणे सांगितले जाते. वडिलांना वयाच्या ६६ व्या वर्षी ऑक्टोबर महिन्यात, म्हणजे बाजारात बांगड्याची रेलचेल असताना, हृदयविकाराचा झटका आला. जन्मभर मासे खाऊनही तो आला, कारण त्याच जन्मात तीस वर्षे पान-तंबाखू होती, मधुमेह होता आणि रक्तदाबाच्या गोळ्या ‘आज बरे वाटते’ म्हणून सोडून देण्याची सवयही होती. माशाला चिलखत समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

कोल्हापूरच्या एका खासगी रुग्णालयात त्यांची अँजिओप्लास्टी झाली. घरी सोडताना हातात एक छापील कागद मिळाला. त्यावर ‘मांसाहार टाळावा’ एवढी एकच ओळ होती आणि त्या एका शब्दात मटण, अंड्याचा बलक, तळलेली कोंबडी आणि कालवणातला बांगडा असे सगळे एकाच टोपलीत भरलेले होते. मी डॉक्टरांना उलट विचारायला हवे होते, पण विचारले नाही. त्यातच माझ्या बहिणीचे यजमान पुण्याहून भेटायला आले. ते जन्माने आणि स्वभावाने शाकाहारी. त्यांनी कागद वाचला, समाधानाने घडी घातली आणि म्हणाले, “मी इतकी वर्षे हेच सांगत होतो.” मी त्यांना उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवसापासून घरात मासे येणे बंद झाले, आणि ते बंद करणारा मीच होतो.

आईला शाकाहारी स्वयंपाक येत नव्हता असे नाही, पण तिच्या लेखी शाकाहार म्हणजे सणावाराचे जेवण. नवऱ्याचे मासे तुटले याची भरपाई ती पुरी-बटाट्याच्या भाजीने, काजूच्या उसळीने, साबुदाण्याच्या खिचडीने आणि भातावरच्या साजूक तुपाने करू लागली. वडील तक्रार करणारे नव्हते. एकदाच ताटाकडे पाहून मला म्हणाले, “माका जगवतलंस, पण जेवूक काय घालतलंस?” त्यांचे सकाळचे फिरणे मात्र मासळी बाजाराच्या दिशेनेच राहिले. तिथे ते बांगड्याचे कल्ले उघडून पाहत, भाव विचारत आणि रिकाम्या हाताने परत येत. हे मला बाजारातल्या एका बाईने सांगितले, आणि ती सांगताना हसत नव्हती.

अकरा महिन्यांनी त्यांचे वजन चार किलोने वाढलेले होते आणि रक्तातल्या चरबीचा, म्हणजे ट्रायग्लिसराइड्सचा, आकडा झटक्याच्या वेळेपेक्षाही वर गेलेला होता. सावंतवाडीच्या एका फिजिशियनांनी अहवाल पाहिला, दिवसभराचे खाणे विचारले आणि अगदी साधेपणाने प्रश्न केला, “पण मासे का बंद केलेत?” माझ्यापाशी त्या कागदाखेरीज उत्तर नव्हते. त्या संध्याकाळी आईने बांगड्याचे तिखले केले. आमच्याकडे तिखल्यात खोबरे घालत नाहीत. मिरची, तिरफळे आणि सोले (कोकम) पुरतात. वडील पाऊण तास जेवत होते.

त्यानंतर मी या विषयावर जे मिळेल ते वाचत गेलो. वेल्समध्ये झटका येऊन गेलेल्या २,०३३ पुरुषांवर एक चाचणी झाली होती आणि तिचे निष्कर्ष १९८९ साली प्रसिद्ध झाले. त्यांपैकी ज्यांना आठवड्यातून किमान दोनदा बांगड्यासारखे तेलकट मासे खाण्याचा सल्ला दिला गेला, त्यांच्यातील मृत्यूंचे प्रमाण दोन वर्षांत २९ टक्क्यांनी कमी आढळले. गंमत अशी की त्यांना नव्याने येणारे झटके कमी झाले नव्हते, त्यांतून दगावणे कमी झाले होते. पण भाऊजींशी वाद घालताना मी जे नेहमी गाळत असे तेही इथे सांगायला हवे. त्याच संशोधकांनी पुढे अंजायनाच्या, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणाऱ्या, रुग्णांवर तसाच प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २००३ साली आले आणि त्यात माशांचा काहीही फायदा दिसला नाही. त्यानंतर २०२१ साली ५८ देशांतील सुमारे १ लाख ९१ हजार लोकांच्या माहितीचे विश्लेषण प्रसिद्ध झाले. ज्यांना आधीच हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा आजार आहे, अशांमध्ये आठवड्याला १७५ ग्रॅम किंवा त्याहून अधिक मासे खाणाऱ्यांना धोका कमी असल्याचे त्यात दिसले. निरोगी माणसांमध्ये तसा ठळक फरक दिसला नाही. म्हणजे ज्या माणसाचे मासे आपण घाबरून तोडतो, त्यालाच त्यांचा उपयोग असण्याची शक्यता जास्त. अर्थात असे विश्लेषण संबंध दाखवते, कारण सिद्ध करत नाही.

अमेरिकन हार्ट असोसिएशनचा सल्ला आठवड्यातून दोनदा मासे खाण्याचा आहे, प्रत्येक वेळी शिजवलेला सुमारे ८५ ग्रॅम मासा आणि तोही न तळलेला. डोके आणि काटे वगळले की एका मध्यम बांगड्यातून साधारण तेवढेच हाती लागते. ज्या ओमेगा-३ या स्निग्धाम्लासाठी माशाचे कौतुक होते, ते बांगडा आणि तारली यांत भरपूर असते. पापलेटमध्ये त्या मानाने कमी, आणि बोंबलात तर बहुतेक पाणीच. आमच्याकडे पाहुणा आला की पापलेट आणायचे आणि तारली घरच्यांनी खायची, यात पाहुण्याचेच नुकसान होत आले आहे.

आता तळण्याविषयी. रव्यात घोळवून तव्यावर भरपूर तेलात सोडलेली सुरमईची तुकडी मलाही आवडते, पण तिला हृदयाचे औषध म्हणू नये. अमेरिकेत वृद्धांच्या एका मोठ्या पाहणीत भाजलेले किंवा उकडलेले मासे खाणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी आढळले, तळलेले मासे खाणाऱ्यांमध्ये मात्र तो फायदा आढळला नाही. सुक्या मासळीतील मीठ रक्तदाबाच्या रुग्णाला घातक आहे, आणि खारा बांगडा कितीही वेळा पाण्यातून काढला तरी मीठ पुरते जात नाही. खोबऱ्याविषयी मालवणी माणसाने बोलणे म्हणजे घरात भांडण ओढवून घेणे आहे, तरी बोलतो: ओल्या नारळातील स्निग्धांश बहुतांशी संपृक्त, म्हणजे हृदयाला न मानवणारा, असतो, म्हणून कालवणातले वाटलेले खोबरे अर्ध्यावर आणा. आणि माशांच्या कालवणाबरोबर तीन वाढी भात खाऊन साखर वाढली, तर त्याचा दोष माशाला देऊ नका.

कॅप्सूलबद्दल तुम्ही विचारले आहे. बाजारात सहज मिळणाऱ्या कॅप्सूल मासे खाण्याला पर्याय नाहीत. २०१८ साली सुमारे २६ हजार निरोगी प्रौढांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले आणि रोज एक ग्रॅम माशाचे तेल घेऊन हृदयविकार व पक्षाघात यांच्या एकूण प्रमाणात लक्षणीय घट झाली नाही. ट्रायग्लिसराइड्स जास्त असलेल्यांना ईपीए या ओमेगा-३ च्या प्रकाराचे एक शुद्ध केलेले औषध रोज चार ग्रॅम देऊन फायदा दिसलेला आहे, पण ते औषध आहे, ते डॉक्टरांनीच द्यायचे असते, आणि मोठ्या मात्रेत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो. इथे एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. आमचे भाऊजी गेली पाच वर्षे रोज सकाळी एक पिवळी पारदर्शक कॅप्सूल घेतात. ती कशापासून बनते ते बाटलीवर छापलेले आहे आणि त्यांना वाचता येते. मी विचारले तेव्हा म्हणाले, “ते औषध म्हणून घेतो.” मग माझ्या वडिलांचा बांगडा काय म्हणून चालला नसता, हे मी त्यांना विचारले, आणि त्या दिवसापासून आमच्यात हा विषय निघत नाही.

काही गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या, त्या आता लिहितो. तुमच्या वडिलांना युरिक ॲसिडचा त्रास असेल, तर तारली आणि बांगडा यांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर पथ्य वेगळे असते. मोरीसारख्या (शार्क) मोठ्या माशांत पारा अधिक साठतो. घरात कोणी गरोदर असेल तर तिला तो देऊ नका. मासे चालू ठेवले म्हणून कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी किंवा रक्त पातळ ठेवणारी गोळी एक दिवसही चुकवायची नाही, आणि स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) बसवल्यानंतरच्या पहिल्या वर्षात तर मुळीच नाही. तुमचे घर मुळात शाकाहारी असते तर हृदयासाठी मासे खायला सुरुवात करा, असे मी म्हटले नसते. डाळी, भाज्या आणि मूठभर अक्रोड खाऊनही हृदय सांभाळता येते, आणि भाऊजींचे एवढे म्हणणे मला मान्य आहे.

पुढच्या तपासणीला जाल तेव्हा पथ्याचा कागद बरोबर न्या आणि त्यातल्या ‘मांसाहार’ या शब्दावर बोट ठेवून विचारा की यात कालवणातला बांगडा येतो का. तो प्रश्न विचारायला अर्धे मिनिटही लागत नाही. माझे वडील २०२१ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, दुसऱ्याच आजाराने गेले. अकरा महिने सोडले तर शेवटपर्यंत त्यांनी मासे खाल्ले, आणि ते अकरा महिने मी त्यांच्याकडून उगाच काढून घेतले होते.