डक्ट साफ करायच्या आधी एएचयू रूम उघडून बघा

प्रश्न : नमस्कार सर, ठाण्यात आमचं ऑफिस आहे, साठ-सत्तर माणसं, सेंट्रल एसी, खिडक्या कायमच्या बंद. पावसाळा लागला की सोमवारी सकाळी एसी चालू केल्या केल्या ओल्या फडक्यासारखा वास येतो, तीन-चार जणांना सारख्या शिंका, दुपारनंतर डोकं जड होतं आणि घरी गेलं की बरं वाटतं. सीलिंगच्या जाळ्यांभोवती काळे डाग पण पडलेत. एक एजन्सी म्हणते सगळं डक्टमधून (एसीची हवा नेणाऱ्या पत्र्याच्या बोगद्यांतून) येतंय, डक्ट क्लीनिंग करून घ्या. ॲडमिन मी बघते, वर्क ऑर्डर काढू का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, ऑर्डर थोडी थांबवा. तुम्ही "सोमवारी सकाळी" लिहिलंत ना, तिथेच मला उत्तर दिसतंय. पावसाळी हवा एसीच्या कॉइलवरून, म्हणजे हवा थंड करणाऱ्या नळ्यांवरून, गेली की तिच्यातलं पाणी कॉइलवर सुटतं आणि खालच्या ट्रेमध्ये पडतं. ट्रेला उतार नीट नसेल किंवा ड्रेनचा पाइप चोक झाला असेल तर पाणी तसंच साचून राहतं, शेवाळासारखा बुळबुळीत थर धरतो, शनिवार-रविवार सगळं बंद असल्याने ते तिथेच कुबट होत बसतं आणि सोमवारी ब्लोअर (आतला मोठा पंखा) फिरला की पहिला झोत तुमच्या टेबलावर. म्हणजे वासाचा पहिला संशय कॉइल आणि ट्रेवर, डक्टवर नंतर.

डक्टमध्ये धूळ नसते असं नाही, असतेच, पण कोरड्या पत्र्याच्या डक्टमधली धूळ बऱ्याचदा जिथे बसली तिथेच राहते. तिला पाणी मिळालं की मात्र बुरशी धरते. कॉइलमधून बाहेर पडलेली हवा थंड आणि ओलीच असते, त्यामुळे पहिल्या काही फुटांत डक्टला आतून फायबरग्लासचं लायनिंग असेल तर ती जागा नक्की बघून घ्या. लायनिंग एकदा भिजून बुरशीलं की ब्रश मारून साफ होत नाही, काढून नवीनच लावावं लागतं.

काळ्या डागांचं म्हणाल तर तो डक्ट घाण असल्याचा पुरावा धरू नका. जाळीतून जोरात निघणारी हवा आजूबाजूची खोलीतलीच हवा ओढून घेते आणि तिच्यातली धूळ कडेला चिकटत जाते, जाळीला घाम येत असेल तर अजूनच. खात्री करायची तर एसी बंद करून दोन-तीन ठिकाणी जाळ्या उतरवा आणि मोबाइलचा टॉर्च लावून आतला व्हिडिओ काढा, एजन्सीच्या फोटोंवर जाऊ नका.

आता एएचयू रूम, म्हणजे हवा थंड करून डक्टमध्ये ढकलणारं मशीन (एअर हँडलिंग युनिट) असलेली खोली. आपल्याकडे ही खोली म्हणजे ऑफिसची अडगळीची खोली झालेली असते, जुने खोके, रंगाचे डबे, फिनेल, पोछा सगळं तिथे. बऱ्याच ठिकाणी ऑफिसमधली परतीची हवा याच खोलीतून मशीनमध्ये ओढली जाते, म्हणजे तिथे जे ठेवाल ते सगळे श्वासात घेणार! मी एका ऑफिसात दोन महिने डक्टच्या मागे लागलो होतो, शेवटी वास निघाला तिथे वाळत ठेवलेल्या ओल्या पोछ्याचा. त्या दिवसापासून कुठेही गेलो की आधी ते दार उघडतो. तिथेच फिल्टर पण बघा, धुऊन परत लावताना फ्रेमला फट राहते आणि हवा फिल्टर चुकवून बाजूने जाते.

दुपारचं जड डोकं बहुतेक ताज्या हवेचं प्रकरण आहे. बिल वाचवायला फ्रेश एअरचा डॅम्पर (बाहेरची हवा आत घेणारी झडप) कुणीतरी बंद केलेला असतो आणि मग तो वर्षानुवर्षं तसाच. कार्बन डायऑक्साइडचा मीटर आणून भरलेल्या मीटिंग रूममध्ये ठेवा, बाहेरच्या हवेत साधारण ४२० पीपीएम (दहा लाख भागांत ४२० भाग) असतो, आत १००० च्या वर जाऊन तिथेच राहत असेल तर ताजी हवा कमी पडतेय. डक्ट कितीही घासला तरी हे सुधारणार नाही.

मग डक्ट साफ कधी करायचा? आत बुरशी दिसली, उंदीर-झुरळांचा वावर असला, जाळीतून धूळ खाली पडायला लागली किंवा एसी चालू ठेवून पीओपी-जिप्समचं काम झालं असेल तर जरूर करा. (फिनलंडमध्ये नवीन डक्ट साइटवर तोंडं झाकून ठेवतात, आपल्याकडे उघडे डक्ट पीओपीच्या धुरळ्यात पडलेले बघून जीव तुटतो.) पण आधी ओलावा थांबवा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात तोच वास. काम सुट्टीच्या दिवशी, डक्टमधून हवा बाहेर ओढणारा हेपा फिल्टरचा (अगदी बारीक धूळही अडवणारा) व्हॅक्यूम लावून, आणि त्यात कॉइल, ट्रे, ब्लोअर पण धरलेले हवेत. सुगंधी किंवा जंतुनाशक फवारणी कोटेशनमध्ये असेल तर ती लाइन खोडा. शिंकणाऱ्यांत कुणाला दम्याचा त्रास असेल तर त्यांनी डॉक्टरांना दाखवावंच.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीला राहतो, घरात फर्नेसचे (घर गरम करणाऱ्या भट्टीचे) डक्ट आहेत. दर थोड्या दिवसांनी स्वस्तात डक्ट क्लीनिंगची पत्रकं येतात, मुलगा लहान आहे म्हणून काळजी वाटते. दरवर्षी करावं का?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : दरवर्षी नको. तिथल्या ईपीएनेच (अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने) स्पष्ट म्हटलंय की डक्ट साफ केल्याने आजार टळतात असं सिद्ध झालेलं नाही, बुरशी, उंदीर-किडे किंवा धुळीने चोंदलेले डक्ट असतील तरच करा. त्यांच्या अंदाजाने पूर्ण सिस्टिमचा खर्च साधारण ४५० ते १००० डॉलर होतो, त्यामुळे त्याच्या कितीतरी खाली कोणी सांगत असेल तर काय काय साफ करणार ते लेखी घ्या. तुमच्या मुलासाठी फर्नेसचा फिल्टर वेळेवर बदलणं जास्त कामाचं, सिस्टिमला झेपत असेल तर मर्व्ह १३ (फिल्टर किती बारीक धूळ अडवतो त्याची श्रेणी) लावा, आणि बेसमेंटमध्ये आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवा.