यवतमाळकडच्या खेड्यातून पुण्याच्या टीमसोबत काम करतो. लाइन आणि नेट सारखं जातं, तर संपर्क कसा टिकवू?

महत्त्वाचं सगळं लिहून कळवा, व्हिडिओ कॉल लागेल तेवढाच करा आणि राउटरला छोटा यूपीएस लावा. मीही वर्धा जिल्ह्यातल्या गावातून असंच काम करतो. लाइन गेली की फायबरचं नेट जातं ते बहुतेकदा घरातला राउटर बंद पडल्यामुळे. बरेच राउटर 12 व्होल्टवर चालतात, त्यांचा यूपीएस बाजारात मिळतो. अडॅप्टरवरचे व्होल्ट-अँपिअर बघूनच घ्या, आणि फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही जोडा. कॉलमध्ये कॅमेरा बंद ठेवा. व्हिडिओला तासाला 1 जीबीच्या आसपास डेटा जातो, नुसत्या आवाजाला 100 एमबीही खूप झाले.

खरा प्रश्न विश्वासाचा आहे. न सांगता गायब झालात तर तिकडच्यांना वाटतं, माणूस काम टाळतोय. म्हणून:

- सकाळीच लिहा: काल काय झालं, आज काय करणार, कुठं अडलं.
- महावितरणकडे नंबर नोंदवला असेल तर नियोजित दुरुस्तीचा एसएमएस येतो. तो तसाच ग्रुपवर टाका.
- एका सहकाऱ्याचा फोन नंबर ठेवा. नेट नसलं तरी "लाइन गेली, फाइल टाकली आहे" एवढा साधा एसएमएस जातो.

मात्र ग्राहकसेवेसारखं सतत ऑनलाइन राहायचं काम असेल तर एवढ्यानं भागणार नाही. लाइन फार वेळ नसली की टॉवरची बॅटरीही संपते, मग मोबाइल डेटाही बसतो. त्यासाठी तालुक्याला बसायची सोय आधीच बघून ठेवा.